सोनूच्या हेलिकॉप्टरचा क्लच

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं रिमोटचं हेलिकॉप्टर चालू झालं. पार्सलनं पाठवत नाही, एसटीत लोक कसे सामान फेकतात ते तुला माहीत आहे. उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाचा हंगाम संपला, की घरी ये आणि हातानं घेऊन जा. तोवर हे पत्र नीट वाच, कारण क्लच पुन्हा चिकटला तर तिकडे नागपूरला तो तुलाच उघडावा लागेल.

विकणाऱ्यानं तुला सांगितलं, की धीम्यावर पंखा फिरत असेल तर आयडल, म्हणजे इंजिनाचे धीमे फेरे, उतरव. तसं करू नको, बेटा. आयडल उतरवल्यानं पंखा थांबेल, पण घासणं आत तसंच राहील, आणि हवेत थ्रॉटल खाली घेतल्याबरोबर इंजिन बंद पडेल. इंजिन पंख्याला जोडणाऱ्या या क्लचमध्ये दोन शू, म्हणजे फाकणारे दोन तुकडे, असतात. इंजिनाचे फेरे वाढले की ते बाहेर फाकतात आणि बेलच्या, म्हणजे त्यांच्याभोवतीच्या वाटीच्या, आतल्या अस्तराला धरतात. फेरे दुप्पट झाले की फाकायचा जोर चौपट होतो. म्हणून चांगला क्लच धीम्यावर अजिबात धरत नाही आणि थ्रॉटल दिला की एकदम धरतो. आपल्या दुकानात गवत कापायच्या ज्या मशिनी येतात त्यांच्यातही हाच क्लच आहे. स्प्रिंग तुटली की पातं धीम्यावरही फिरत राहतं, आणि तशी मशीन मी गिऱ्हाइकाला परत चालवू देत नाही, हे तू लहानपणापासून पाहिलं आहेस.

तुझ्या मशीनची पाती 550 मिलीमीटरची आहेत. म्हणजे पंख्याचा घेर आरपार सव्वा मीटरच्या आसपास. मिनिटाला 1,700 फेरे धरले तर पात्याचं टोक ताशी 400 किलोमीटरनं जातं. इंजिन पेटवणाऱ्या ग्लो प्लगची क्लिप काढायला तू वाकलेली असताना हा पंखा जागचा हलता कामा नये. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

आता मी काय पाहिलं ते. वरचा पंखा पुढे फिरवून क्लच कळत नाही, कारण मोठ्या गिअरमध्ये एकाच दिशेनं धरणारं वन-वे बेअरिंग आहे, पंखा मोकळाच फिरतो. बोट गिअरवर ठेवून गिअर फिरवायचा. इंजिन कॉम्प्रेशननं उभं राहतं आणि बेल एकटी फिरते. दर फेऱ्यात एकाच जागी अडलं तर अस्तर फुगलेलं असतं. सगळीकडे सारखं घासलं तर शू फाकून राहिलेला असतो, किंवा इंजिन बेलच्या मध्यावर नसतं. तुझं दोन्ही निघालं. गिअर सगळीकडे जड होताच, वर एका जागी खटकन अडत होता.

उघडलं तर एका शूचं टोक चमकत होतं आणि दुसऱ्यावर जुनी काजळी जशीच्या तशी. तेव्हाच कळलं. आधीच्या मालकानं इंजिन काढून बसवलं आणि स्क्रू सरळ आवळून टाकले, मध्य पाहिलाच नाही. एक शू कायम टेकत राहिला, बेल तापली, अस्तराचा डिंक सुटला आणि जोडाजवळचा काठ उचलला. त्यावर इंधनातल्या तेलाचा करपलेला थर. तो तपकिरी थर नखानंही निघत नव्हता.

असं दिसलं की कानस घेऊन शू घासायचा मोह होतो. शूला कानस लावायची नाही. पकड जाते, दोन बाजूंचं वजन बदलतं आणि सगळी मशीन थरथरायला लागते. शूची मान जिथं बारीक असते तिथं मात्र चीर पाहजो. मी तिथं रॉकेल लावलं, पुसून घेतलं आणि वरून खडूची पूड टाकली. चीर असती तर आतलं रॉकेल खडूत झिरपून काळी रेघ उमटली असती. उमटली नाही, म्हणून शू तेच ठेवले.

जुनं अस्तर खरवडून काढलं, बेल आतून पॉलिश पेपरनं खरखरीत केली, थिनरनं पुसली आणि नवं अस्तर सावकाश वाळणाऱ्या अराल्डाइटनं चिकटवलं. दोन टोकं एकमेकांना भिडली पाहिजेत, एकावर एक चढली तर पुन्हा तीच अडचण. पाच मिनिटांत वाळणारं अराल्डाइट इथं वापरू नको, ते उष्णतेला टिकत नाही. बेलचं बेअरिंग गंजून खरखरत होतं, तेही बदललं. नवं बसवताना दाब बाहेरच्या कड्यावरच दिला, आतल्या कड्यावर ठोकलं तर गोळ्यांचे व्रण पडतात.

सगळ्यात जास्त वेळ इंजिन बसवायला लागला, आणि खरं काम तेच होतं. चारही स्क्रू ढिले ठेवून बेल आणि शाफ्ट आधी बसवले, म्हणजे इंजिन आपला मध्य आपणच शोधतं. मग समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळत गेलो आणि प्रत्येक वेळी गिअर फिरवून पाहिला. एक स्क्रू आवळला की गिअर जड व्हायचा. तिथं इंजिनाच्या माउंटखाली शिम, म्हणजे पातळ पत्री, टाकली आणि तो सुटला. प्रत्येक स्क्रूला थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू ढिला होऊ न देणारा डिंक, लावलं आहे. आता अस्तर आणि शू यांच्यामध्ये वहीचा कागद चारही बाजूंनी सरकतो.

पाती काढून मागच्या वावरात चालू केलं. धीम्यावर पंख्याचं हेड जागचं हललं नाही. पाती नसताना थ्रॉटल वाढवू नको, इंजिनावर भार नसतो आणि ते सुसाट पळतं. पात्यांसह चाचणी आपण दोघं मिळून करू, पराटी उपटलेल्या मोकळ्या वावरात, कुत्रं आणि पोरं लांब ठेवून.

इंधन भरताना सांभाळजो. त्यातल्या मिथेनॉलची ज्योत आपल्या उन्हात दिसतही नाही. उडवणं झालं की टाकी रिकामी करजो आणि इंजिनात तेलाचे थेंब टाकजो, नाहीतर पावसाळ्यात बेअरिंग पुन्हा गंजेल.

शेपटीचा बेल्ट मला थोडा सैल वाटतो, पण त्याला हात लावला नाही. येताना नवा घेऊन ये.

तुझा,
बाबा