बांबूउडीच्या पोरांना स्विमिंग टँकचा एक तास द्या

संपादक साहेब,

नमस्कार. उन्हाळ्यात तुमच्या पेपरात स्विमिंग टँकचे फोटो येतात, पोट्टे धपाधप उड्या मारून राहिले, ते बघूनच हे पत्र लिहायला बसले. मी नागपुरातल्या एका शाळेत पीटी शिकवते, पंचवीसच्या वर वर्षं झाली. माझी मागणी एकच आहे, शहरातल्या एखाद्या सरकारी टँकच्या खोल बाजूला आठवड्यातून दोन दिवस सकाळी एक तास पोल व्हॉल्ट, म्हणजे पळत येऊन लांब लवचिक काठी टेकवून उंच आडव्या बारवरून उडी, करणाऱ्या मुलांना मिळावा. ज्यांना ज्यांना टँकसाठी विचारलं त्या सगळ्यांनी पोल व्हॉल्टचा आणि पाण्याचा काय संबंध असं मलाच विचारलं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमच्या वेळी याला बांबूउडी म्हणायचे. मुलं गडचिरोलीकडचा बांबू घेऊन पळत यायची आणि वाळूत पडायची, आम्ही मुली बाजूला उभ्या राहून बघायचो कारण मुलींना हा इव्हेंटच नव्हता. ऑलिम्पिकमध्येसुद्धा मुलींचा पोल व्हॉल्ट 2000 मध्ये सिडनीला पहिल्यांदा झाला, तोवर माझं लग्न होऊन मी नोकरीला लागलेली. त्यामुळे आता माझी नववीतली पोट्टी पोल खांद्याशी धरून पळत येते तेव्हा माझा ऊर भरून येतो, खोटं कशाला बोलू.

ही पोट्टी दोरीच्या मल्लखांबातून आलेली. विदर्भाला हे काही नवीन नाही, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी 1936 मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथे जाऊन आपले देशी खेळ दाखवून आली होती. तर उलटं लटकायची भीती हिला अजिबात नाही, पण मल्लखांबाची एक सवय हातात बसलीय, दोरी हातात आली की कोपर वाकवून अंग वर ओढायचं. पोल व्हॉल्टमध्ये तीच सवय घात करते. पोल बॉक्समध्ये, म्हणजे बारखालच्या जमिनीतल्या खाचेत, टेकून वाकला, पाय जमिनीवरून सुटला की हात ताणलेलेच पाहिजेत, मागे राहिलेला पाय लांब ठेवून झोपाळ्यासारखा झोका घ्यायचा, मग कंबर वर, पाय वर, आणि ओढायचं ते अगदी शेवटी. ही आधीच ओढते. ओढलं की झोका तिथेच मेला, पोल सरळ होतो तेव्हा ही अजून खुर्चीवर बसल्यासारखी असते आणि तशीच बारला जाऊन धडकते.

मी तिला शंभर वेळा सांगितलं, मोबाईलवर स्लो मोशन करून दाखवलं, तिला समजतं हो सगळं, पण पाय सुटल्यापासून बारपर्यंतचा खेळ सेकंद-दीड सेकंदात आटोपतो, त्यात आपलं कोपर कुठे आहे हे कळणार कधी? आणि दर उडीला पडायचं आहेच. मोठ्या स्पर्धेत मॅट 6 मीटर बाय 6 मीटर आणि 80 सेंटिमीटर जाड लागते, आम्ही जिथे प्रॅक्टिस करतो तिथे जुन्या गाद्या एकमेकींना चिकटवून ठेवल्यात. मागच्या दिवाळीच्या आधी ती दोन गाद्यांच्या फटीत पडली, मनगट हे एवढं सुजलं, तीन आठवडे पट्टी. तेव्हापासून वर गेली की पहिले खाली बघते. आणि एकदा मान खाली गेली की पाय वर येतच नाहीत.

पाण्याखाली पोल धरून उलटं व्हायचा सराव करायची पद्धत मी शोधलेली नाही, बाहेरचे कोच असं ड्रिल करून घेतात हे मला माहीत होतं, पण आपल्याकडे करता येईल असं वाटलं ते या मे महिन्यात. 45 डिग्रीत सकाळी आठनंतर ग्राउंडवर उभं राहवत नाही, म्हणून मुलांना टँकवर नुसतं पोहायला नेत होते. तिथल्या साहेबांनी तोंडी हो म्हटलं आणि आम्ही सुरू केलं. आधी बांबूच नेला, तो काही केल्या खाली राहिना, सारखा वर तरंगून यायचा. मग इतवारीतून दहा फुटी ॲल्युमिनियमचा पाईप आणला, वरचं तोंड उघडं ठेवलं म्हणजे पाणी भरून तो बुडतो, खालच्या टोकाला कुबडीला लावतात तसं जाड रबरी बूट. बॅडमिंटनच्या खांबाला शाळेत सिमेंट भरलेलं टायर असतं ना, तेच तळाशी ठेवलं, मधल्या भोकात पाईप टेकतो आणि घसरत नाही.

पहिले दोन दिवस साडेचार फूट पाण्यात केलं, तिथे एक गोष्ट लक्षात आली. उलटं होताना पाय पाण्याच्या बाहेर आले की पायांना परत वजन येतं आणि सगळं अंग कोसळतं. म्हणून खोल पाणी पाहिजे, आठ फूट तरी. तिथे ती भिंतीला पाय लावून धक्का मारते, तिरपा धरलेला पाईप पकडते आणि झोका सुरू करते. मी गॉगल लावून काठावरून तोंड पाण्यात घालून बघत होते. नाकाला क्लिप, वेणी वर तरंगून राहिली, पाय हळूहळू वर चाललेत, आणि तेवढ्यात उजवं कोपर दुमडायला लागलं. आणि तिचं तिनेच ते थांबवलं, सावकाश परत सरळ केलं, आणि मग कंबर वर गेली. पाणी हवेपेक्षा आठशे पट दाट असतं, सगळं इतकं हळू होतं की चूक होता होता पकडता येते, आणि पडायचं तर नाहीच. वर आली, क्लिप काढली आणि म्हणाली, "मॅडम, कोपर कळलं मला." आठ महिने मी त्या एका वाक्याची वाट बघत होते.

नवव्या दिवशी बंद झालं. पाईपने टाइल्स फुटतील, बाकीचे लोक तक्रार करतात, अर्ज द्या. अर्ज दिला, तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरून राहिला आहे. टाइल्सची काळजी बरोबरच आहे, म्हणून टायरखाली रबरी मॅट आम्ही आमची आणू, पहिल्या दिवशी त्यांच्या माणसाने तळ बघावा, शेवटच्या दिवशी परत बघावा.

पाण्यात सगळं शिकता येतं असं मी म्हणत नाही आणि कोणी म्हणत असेल तर त्याचं ऐकू नका. उंची येते ती पळण्याच्या वेगातून. स्वीडनचा जागतिक विक्रमवीर डुप्लांटिस सेकंदाला 10 मीटरच्या वर वेगाने येऊन टेकतो, म्हणून तो 2025 मध्ये टोकियोला 6.30 मीटर गेला, आणि आपल्या देव मीणाने त्याच वर्षी डेहराडूनच्या नॅशनल गेम्समध्ये 5.32 चा नॅशनल रेकॉर्ड केला, हे मीटरभराचं अंतर स्विमिंग टँकमध्ये भरून निघणार नाही. पाण्यात पोल वाकत नाही, रनअप नाही, टायमिंग तर उलट बिघडू शकतं. शिवाय लांब पायाला पाणी फार अडवतं, त्यामुळे मुलं गुडघे पोटाशी घ्यायला लागतात, ती नवीन वाईट सवय लागायला नको. म्हणून रोज नाही, दोनच दिवस मागते, आणि त्यातही फक्त मान, हात आणि कंबर. पण उलटं होणं किती महत्त्वाचं आहे बघा, रशियाची इसिनबायेवा आधी जिम्नॅस्ट होती, पंधराव्या वर्षी पोल व्हॉल्टकडे आली आणि 2009 मध्ये झुरिकला 5.06 गेली, मुलींमध्ये अजून कोणी त्याच्या वर गेलेलं नाही. आपल्याकडे तर मल्लखांबवाल्या पोरी गल्लोगल्ली आहेत.

सेफ्टीचं मी स्वतः बघते. पाण्यात एका वेळी एकच मूल, बाकीचे काठावर मोठ्याने आकडे मोजतात, वीस झाले की वर यायचंच. खाली जायच्या आधी भराभर खोल श्वास घ्यायची मुलांना हौस असते, ते मी अजिबात करू देत नाही, त्याने श्वासाची तलफच उशिरा येते आणि चांगलं पोहणारं मूलही पाण्याखाली बेशुद्ध पडू शकतं. लाइफगार्ड काठावर पाहिजे म्हणजे पाहिजे, त्याचे त्या तासाचे पैसे आम्ही पालक-शिक्षक मिळून देऊ.

मुलं सध्या चारच आहेत, तीन मुली आणि एक मुलगा. सकाळी साडेपाच ते साडेसहा चालेल, तेव्हा टँकवर गर्दी नसते. आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्याच्या आधी परवानगी मिळाली तर तिच्या हातातली सवय ताजी असतानाच पुढचं काम करता येईल, म्हणून हे पत्र लवकर छापावं ही विनंती.

एक पीटी शिक्षिका, नागपूर