अन्नपूर्णेच्या टाचेला भेगा असल्या तर काय झालं?

मा. संपादक, सनविवि.

इथल्या एका छोट्या प्रदर्शनातून अन्नपूर्णेचं चित्र दुसऱ्याच दिवशी उतरवलं, त्यावर तुमच्या पेपरात दोन-तीन पत्रं आली म्हणून लिहितोय. चित्रात काय होतं, तर सावजीच्या भटारखान्यात असते तशी एक बाई, हातात पळी, मागे पातेल्याच्या झाकणाचं तेजोवलय, आणि पाय अनवाणी, टाचांना भेगा. राग म्हणे त्या भेगांचाच आला, देवीचे पाय असे दाखवतात का.

अहो पण देवी कशी दिसते हे आपल्याला कोणी सांगितलं? बऱ्याच घरांत फ्रेममध्ये जी लक्ष्मी आहे ती राजा रविवर्म्याची, त्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून छापलेले देव घराघरात पोचले. त्याआधी लक्ष्मी अशी साडीतल्या खऱ्याखुऱ्या बाईसारखी कुठे दिसायची? तेव्हा तेही नवंच होतं ना, आता आपण त्यालाच जुनं म्हणतो.

पायांवरून भांडण तर चारशे वर्षांपूर्वी रोममध्येही झालंय. काराव्हाज्जो नावाच्या चित्रकाराने दारात उभी मेरी काढली, तीही अनवाणी, आणि समोर गुडघे टेकलेल्या वारकऱ्याचे, म्हणजे तिकडच्या यात्रेकरूचे, मळके तळवे थेट बघणाऱ्याच्या तोंडासमोर. लोकांनी गलका केला, पण चित्र आजही त्याच चर्चमध्ये आहे. आपल्या वारीत तसे पाय लाखोंनी दिसतात, तिथे आपण वाकून नमस्कार करतो!

आता सगळंच चांगलं असतं असं नाही. त्याच प्रदर्शनात मोबाईलवाला मारुती होता, तो मला फालतू वाटला, हातात मोबाईल दिला की झालं मॉडर्न, असं थोडंच असतं, बाकी अंग तर कॅलेंडरमधूनच उचललेलं. चितार ओळीतले मूर्तिकार यापेक्षा जास्त डोकं लावतात राजेहो. गंमत म्हणजे तो मारुती शेवटपर्यंत भिंतीवर राहिला.

माझ्या आईने पहिल्याच दिवशी अन्नपूर्णा पाहिली होती, वय ७४, रोज पूजा करते. बराच वेळ उभी राहिली, मग म्हणाली, पाय बरोबर काढले पोट्ट्याने, पण हिला कोणीतरी रात्री मेण लावायला सांगा.

– एक वाचक, महाल, नागपूर