काखडीचे शेत

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार. दिवाळीपासून तुला एकही पत्र धाडले नाही, याची खंत मनाला लागून आहे. पण परवा जे घडले त्याचे मर्म तुझ्यावाचून दुसऱ्या कोणाला कळणार नाही, म्हणून आज लिहायला बसलो. माझी प्रकृती बरी आहे.

शाळेच्या भिंतीवर सातवाहनांच्या राज्याचा नकाशा रंगवायचा आहे. त्यासाठी मुलांना घेऊन पांडवलेण्यांवर गेलो होतो. तिसऱ्या लेण्यासमोर, खांद्यांवर तुळई पेलणाऱ्या त्या सहा गणांपाशी, बलश्रीचा लेख सांगू लागलो. गौतमीपुत्र सातकर्णी असिक, अश्मक, मूलक, सुराष्ट्र, कुकुर, अपरान्त, अनूप, विदर्भ, आकर-अवंतीचा राजा. 'तिसमुदतोयपीतवाहन', म्हणजे ज्याची वाहने तीन समुद्रांचे पाणी प्याली असा. तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, हे कोणी लिहवून घेतले?" "त्याच्या आईने, नातू पुळुमावीच्या राज्याच्या 19 व्या वर्षी, मुलाच्या माघारी," एवढे सांगताना माझा आवाज दाटून आला.

पण मला खरा धक्का बसला तो त्याच ओसरीतल्या दुसऱ्या दोन लेखांनी. आपण दोघांनी ते सरांबरोबर किती वेळा वाचले असतील! राज्याच्या 18 व्या वर्षी विजयी छावणीतून बेनाकटकाचा स्वामी गौतमीपुत्र नाशिकजवळच्या गोवर्धनच्या अमात्याला कळवतो, की शक क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या ताब्यातले काखडी गावचे 200 निवर्तने (निवर्तन हे तेव्हाचे जमिनीचे माप) शेत भिक्षूंना द्यावे. सहा वर्षांनी, 24 व्या वर्षी, पुन्हा आज्ञा निघते. या वेळी राजमातेच्याही नावाने, आणि तिचे विशेषण 'जीवसुता', जिचा पुत्र हयात आहे अशी. मजकूर एवढाच, की काखडीचे शेत कसले जात नाही, गाव वसलेले नाही. तेव्हा नगराच्या शिवेवरच्या राजकीय जमिनीतली 100 निवर्तने द्यावीत.

बापू, तीन समुद्रांच्या स्वाम्याने दिलेल्या शेतात नांगर चालत नव्हता, आणि तेही जिथे त्याचा अमात्य बसत होता त्या गोवर्धनच्या मुलखात! जोगळटेंभीच्या नाण्यांवरून झालेले आपले भांडण लगेच आठवले. 1906 साली तिथे नहपानाची 13 हजारांवर नाणी मिळाली, त्यांतल्या 9 हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारला होता. मी म्हणत होतो, शिक्का बसला म्हणजे सत्ता बसली. तू म्हणत होतास, नाणे व्यापाऱ्याच्या कनवटीला बसून कुठेही जाते, पण शेत जागचे हलत नाही, तेव्हा शेताला विचार. त्यावरून महिनाभर आपण एका ताटलीतली भजी खाल्ली नाहीत, आणि सगळी भजी सरांनीच संपवली. तुझे म्हणणे आज मला पुरते पटले आहे.

आता चिंता नकाशाची. मुलांनी खडूने आखलेली सलग रेघ सुराष्ट्रापासून दक्षिणेपर्यंत गेली आहे. शक 72, म्हणजे इ. स. 150 मधल्या जुनागढच्या लेखात शक क्षत्रप राजा रुद्रदामन सुराष्ट्र, कुकुर, अपरान्त, अनूप, आकर-अवंती हीच नावे आपल्या बाजूला मोजतो आणि दक्षिणापथपती सातकर्णीला दोनदा जिंकूनही जवळच्या नात्यामुळे सोडून दिले, असे सांगतो. मग त्या प्रदेशांना मी कोणता रंग देऊ? मुले रंग पाहतील आणि तेवढेच खरे धरतील. एकदा भिंतीवर गेलेले वीस वर्षे पुसले जात नाही. माझ्या मनात येते, की रेघच काढू नये. जिथे लेख आहे तिथे ठिपका द्यावा, आणि गोवर्धनशेजारी काखडीसाठी एक चौकोन कोरा सोडावा. पण आईने दगडावर कोरवलेले तीन समुद्र वगळायला हात धजत नाही.

वहिनींच्या डोळ्यांचे ऑपरेशन नीट झाले ना? धाकटीची परीक्षा कधी आहे? बडोद्याहून जुनागढला जाणे झाले, तर त्या शिळेचा फोटो मुलांसाठी जरूर पाठव. रंगारी रविवारी येणार आहे. त्याआधी तुझे उत्तर मिळावे. तोवर त्याला पश्चिमेचा समुद्र तेवढा निळा करायला सांगतो.

तुझाच,
मित्र