समग्र शिक्षा, पण कुणाला?

संपादक महोदय,

परवा स्वारगेटहून पीएमपीने येताना यूपीकडच्या एका पोराने "खाली है क्या?" विचारलं तर शेजारचे आजोबा वाकून सीटच्या खालीच बघायला लागले, त्यांना वाटलं ह्याचं काहीतरी पडलंय. पण खरी गंमत ‘शिक्षा’ची. संस्कृतात शिकणं, हिंदीत शिक्षण, आणि आपल्याकडे थेट छडी! तरी २००१च्या सुमारास ‘सर्व शिक्षा अभियान’ आलं ते तसंच्या तसं आपल्या शाळांच्या भिंतींवर रंगवलं, २०१८ला त्याचं ‘समग्र शिक्षा’ झालं, म्हणजे वाढलीच की. (आपणही ‘धडा शिकवतो’ म्हणा, नातं अगदीच तुटलेलं नाहीये.) निदान मराठी बोर्डावर तरी ‘शिक्षण’ लिहा ना राव.

- एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे