ताई, त्या तीन बाइटांसाठी मनापासून आभार

आदरणीय ताई,

सोमवारी रात्री फोन ठेवताना मी नुसतं 'थँक्यू' म्हणालो, ते फारच तोकडं वाटत राहिलं. शिवाय तुम्ही जे दाखवलंत ते पीएचपीत (वेबसाइट बनवायच्या भाषेत) काम करणाऱ्या आणखी चार जणांच्या उपयोगी पडेल, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

आमच्या वाचनालयाची वेबसाइट मी एकटाच सांभाळतो. ती नव्या सर्व्हरवर हलवल्यापासून सभासद लॉगिन करून आत आला की पानाच्या डोक्यावर 'अनडिफाइन्ड अ‍ॅरे की' (मागितलेली नोंद सापडत नाही) ही वॉर्निंग यायची. सेशनमध्ये, म्हणजे लॉगिन केलेल्याची माहिती सर्व्हर एका पानावरून दुसऱ्या पानावर जपून ठेवतो तिथे, सभासद क्रमांकच नसायचा. मी सगळा दोष पीएचपी ८ ला दिला, कारण पूर्वी हीच गोष्ट साधी नोटीस होती आणि २०२० साली आलेल्या ८.० पासून तिची वॉर्निंग झाली. मग जिथे जिथे सेशनमधून काही वाचत होतो, तिथे तिथे इजसेट (ती नोंद आहे का ही तपासणी) लावत सुटलो. वॉर्निंग गेली, पण आता सभासदाला प्रत्येक पानावर 'पुन्हा लॉगिन करा' दिसू लागलं. तीन रात्री अशा गेल्या.

तुम्हाला स्क्रीन दाखवली तेव्हा वाटलं होतं, तुम्ही एखादी ओळ सांगाल आणि मी ती चिकटवेन. तुम्ही विचारलंत, "क्रमांक सापडत नाही ते कळलं. तो ठेवतोस कुठे? ते पान दाखव." तो ठेवला जायचा लॉगिनच्या पानावर, आणि ते पान जावास्क्रिप्टने लगेच पुढे ढकलत होतं. तिथे काय छापलं जातंय हे मी कधी पाहिलंच नव्हतं. तुम्ही एरर लॉग (सर्व्हरवरची चुकांची नोंदवही) उघडायला लावलात. प्रत्येक लॉगिनमागे दोन ओळी साचलेल्या: हेडर (पानाच्या मजकुराआधी ब्राउझरला जाणारी माहिती) आधीच गेल्यामुळे सेशन सुरू करता येत नाही, आणि तिच्याखाली, हेडर बदलता येत नाही. मी तिथेच थांबलो होतो. "कंसातलं वाच," तुम्ही म्हणालात. कंसात पत्ताच दिला होता: आउटपुट सुरू झालं ते कॉन्फिग (वेबसाइटच्या सेटिंगच्या) फाइलच्या पहिल्या ओळीवर.

पहिल्या ओळीवर तर पीएचपीच्या सुरुवातीच्या खुणेशिवाय काहीच नव्हतं! तुम्ही शांतपणे विचारलंत, "ही फाइल शेवटची कुठे उघडली होतीस?" तेव्हा आठवलं. वाचनालयाच्या नावात 'सार्वजनीक' अशी दीर्घ वेलांटी पडली होती, ती मी कपाटाशेजारच्या जुन्या विंडोज ७ वर, नोटपॅडमध्ये सुधारली होती. मराठी अक्षरं टिकावीत म्हणून यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत सेव्ह केलं, आणि त्या नोटपॅडने फाइलच्या तोंडाशी बीओएमचे (फाइल कोणत्या पद्धतीची हे सांगणाऱ्या खुणेचे) तीन अदृश्य बाइट लावून दिले. लॉगिनच्या पानावर कॉन्फिग फाइल सेशन सुरू होण्याआधी जोडलेली, त्यामुळे ते तीन बाइट ब्राउझरकडे निघायचे आणि त्यांच्यासोबत हेडरही. मग सेशनची कुकी, म्हणजे हेडरमधूनच जाणारी सभासदाची ओळखखूण, पाठवणार कशी?

माझ्या लॅपटॉपवर मात्र सगळं सुरळीत चालायचं, आणि मला सगळ्यात जास्त छळलं ते यानेच. तिथे आउटपुट बफरिंग ४०९६ वर चालू होतं, म्हणजे आउटपुट आत थोपवून धरलं जायचं आणि हेडरना वेळ मिळायचा. नव्या सर्व्हरवर ते बंद होतं. तुम्ही म्हणालात, "तिथे बफरिंग चालू केलंस तरी भागेल, पण करू नकोस. आधी फाइल साफ कर." नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघडून बीओएमशिवाय सेव्ह केली. फाइल ८१२ बाइटांची होती, ८०९ ची झाली. तो आकडा मी कितीतरी वेळ बघत बसलो होतो.

सभासदांना वॉर्निंग दिसू नयेत, त्या फक्त लॉगमध्ये जाव्यात, ही सेटिंगही तुम्ही त्याच बैठकीत करून घेतलीत.

मंगळवारी मी लावलेले सगळे इजसेट काढले. दोनच जागा अशा निघाल्या जिथे लॉगिन न केलेला माणूस खरोखरच येऊ शकतो. तिथे तुम्ही शिकवल्याप्रमाणे दोन प्रश्नचिन्हं (??, म्हणजे नोंद नसेल तर पर्यायी किंमत घे) घातली. दहाला वाचनालय उघडलं. आमचे एक निवृत्त गुरुजी, जे आठवडाभर 'मला बाहेर का काढतं हे?' म्हणून हिरमुसले होते, त्यांनी लॉगिन केलं, पुस्तकाची मुदत वाढवली, मग आणखी दोन पुस्तकं शोधली. चारही पानांवर वरच्या कोपऱ्यात त्यांचं नाव टिकून होतं.

तुमचा ऋणी,
वाचनालयातला तुमचा धाकटा भाऊ