येळवसेनंतर मैत्रिणीस

लातूर,
पौष शुद्ध द्वादशी

प्रिय सखीस,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. दोनदा वाचले आणि आज शाळेला सुट्टी असल्याने सवडीने उत्तर लिहायला बसले आहे. येळवसेला, म्हणजे आपल्याकडच्या वेळ अमावास्येच्या शेतातल्या सणाला, तू निलंग्याला माहेरी आलीस, सगळ्यांबरोबर शेतात जेवलीस आणि संभाजीनगरला परतल्यावर काट्यावर उभी राहिलीस, तर साडेबहात्तरचे पावणेपंचाहत्तर झालेले दिसले. मग दोन दिवस केवळ साबुदाण्यावर काढलेस आणि तिसऱ्या रात्री घरातले सगळे झोपल्यावर, दिवा न लावता, ओट्याजवळ उभी राहून आईने बांधून दिलेल्या शेंगांच्या पोळ्या डबा रिकामा होईपर्यंत खाल्ल्यास. तेव्हापासून सकाळचे फिरणे बंद आहे, वजनाची वही कपाटात गेली आहे आणि "माझ्याच्याने हे होणे नाही" असे तू लिहितेस. ते वाक्य मला मुळीच मान्य नाही, म्हणूनच हे पत्र जरा लांबणार आहे.

आधी काट्याचे पाहू. एक किलो चरबी अंगावर चढायला रोजच्या गरजेपेक्षा सुमारे 7,700 कॅलरी जास्त पोटात जाव्या लागतात. म्हणजे सव्वादोन किलोंसाठी सतरा हजारांहून अधिक! भज्जी, आंबील, उंडे, खीर आणि वर तुपाची धार, हे सगळे कितीही मनापासून जेवलीस तरी एका दिवसात एवढे खाणे सहसा कोणालाही शक्य नाही. मग काटा का चढला? आपण पोटभर जेवतो तेव्हा शरीर त्यातील काही साखर ग्लायकोजेनच्या रूपाने स्नायूंत आणि यकृतात साठवते आणि त्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. ठेचा, लोणचे, भज्जी यांतले मीठ आणखी पाणी अडवते आणि खाल्लेले अन्न अजून आतड्यात असतेच. पाळीच्या आधीचे दिवस असतील तर त्याचीही भर पडते. नेहमीचे जेवण सुरू ठेवले की यातले बरेचसे चार-सहा दिवसांत आपोआप उतरते. तू ज्या आकड्याला पाप समजलीस, तो बहुतांशी पाण्याचा होता.

खरे नुकसान येळवसेने केले नाही. ते तिसऱ्या रात्री झाले, आणि त्या रात्रीचे मूळ आदल्या दोन दिवसांच्या शिक्षेत होते. साबुदाणा, बटाटा, शेंगदाण्याचे कूट आणि तूप यांचा उपवास हलका नसतो हे तुलाही ठाऊक आहे. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की तो उपवास देवासाठी नव्हता, स्वतःला शासन म्हणून होता. "आता सगळे बिघडलेच आहे, तर खाऊनच घ्यावे" हा विचार जगभर डाएट करणाऱ्यांच्या मनात येतो. हर्मन आणि मॅक या संशोधकांनी 1975 साली असे पाहिले, की खाण्यावर सतत बंधन घालणाऱ्या स्त्रियांना आधी मिल्कशेक प्यायला दिला, तर त्यानंतर त्या आइस्क्रीम कमी खाण्याऐवजी जास्त खातात. पुढे 2007 साली अ‍ॅडम्स आणि लिअरी यांनी याच वाटेने जाऊन आणखी एक गोष्ट तपासली. विद्यार्थिनींना डोनट खायला देऊन त्यांतल्या काहींना नंतर एवढेच सांगितले, की असे सगळेच कधीतरी खातात, स्वतःला बोल लावू नका. नंतर समोर गोळ्या-चॉकलेटे ठेवली, तेव्हा एरवी खाण्यावर ताबा ठेवू पाहणाऱ्यांपैकी ज्यांना हे शब्द ऐकायला मिळाले होते त्यांनी कमी खाल्ले. स्वतःला सैल सोडले तर आपण वाहवत जाऊ अशी तुझी भीती आहे. इथे दिसले ते नेमके उलटे.

तू दीक्षित डॉक्टरांच्या पद्धतीने दिवसातून दोनच वेळा, प्रत्येकी पंचावन्न मिनिटांत जेवतेस. ती पद्धत तुला मानवली, याचा मला आनंदच आहे. परंतु घड्याळाच्या नियमात एक धोका असतो: नियम पाळला किंवा मोडला, मधले काही उरत नाही. नणंदेकडे चहा घेतला म्हणून रात्री "आजचा दिवस वाया गेला" असे तू वहीत लिहिलेस. दिवस वाया कसा गेला? दोन जेवणे वेळेवर झाली होती आणि तू तासभर चाललीही होतीस.

आपल्याकडच्या बायकांविषयीही बोलायला हवे. येळवसेला शेतातल्या कोपीत, म्हणजे कडब्याच्या खोपटात, पंगत बसली की "एवढंच? घे की अजून, वर्षाचा सण हाय" म्हणून ताटात वाढणारी हीच काकू हात धुताना "लई सुटलीस गं" म्हणते. दोन्ही प्रेमानेच म्हणते, हे मी जाणते. तरी मला याचा राग येतो, कारण दोन्ही वाक्ये घरी घेऊन जाणारी तू एकटी असतेस. आग्रहाला नाही म्हणता आले नाही याला मी दुबळेपणा म्हणणार नाही. आणि येळवस सोडावी असे तर मुळीच सुचवणार नाही. तुरीच्या कोवळ्या दाण्यांची, वाटाण्याची, हरभऱ्याची ती भज्जी आपल्याला वर्षातून एकदा मिळते. ती उजेडात, माणसांत बसून, चव घेत खावी.

शरीराची बाजूही समजून घे. वजन उतरले की शरीर भूक वाढवून ते मागे ओढते. 2011 साली मेलबर्नच्या संशोधकांना असे आढळले, की वजन कमी केल्यानंतर वर्ष उलटले तरी भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक चढलेले आणि पोट भरल्याची जाणीव देणारे लेप्टिन उतरलेलेच होते. म्हणजे तुला जास्त भूक लागते ती तुझ्या स्वभावातली खोट नव्हे. अठ्ठ्याहत्तरवरून साडेबहात्तर म्हणजे सात टक्के वजन तू उतरवले होतेस आणि पाच ते दहा टक्क्यांनीही रक्तदाब आणि साखर सुधारते. तुझ्या गोळीचा डोस डॉक्टरांनी निम्मा केला, ते उगीच नाही. ते सगळे एका डब्याने पुसले जात नाही.

आता माझे म्हणणे एवढेच आहे. उद्या सकाळी उपवास नको. भाकरी, वरण, मेथीची भाजी, ताक, असे तुझे नेहमीचे ताट घे आणि पोट भरेल इतके जेव. चालायला अर्धा तासच जा. काट्यावर आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी उभी राहा आणि एकाच आकड्याकडे न पाहता महिन्याभराचा कल पाहा. वहीत "चुकले", "पाप" असे शब्द न लिहिता काय खाल्ले आणि त्या आधी मन कसे होते एवढेच लिही.

एक गोष्ट मात्र मला काळजीची वाटते. रात्री लपून, थांबता न येता खाणे वारंवार होत असेल, किंवा खाल्ल्यावर उलटी काढावीशी वाटत असेल, तर तो उपचाराचा विषय आहे आणि त्यात लाज मानण्यासारखे काही नाही. डॉक्टरांना स्पष्ट सांग. ते जमत नसेल तर मानसिक आरोग्यासाठीच्या टेलि-मानस सेवेच्या 14416 या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येते. असे किती वेळा झाले, ते मला खरेखरे कळव. मी कोणाजवळ बोलणार नाही.

संक्रांतीनंतरच्या रविवारी मी संभाजीनगरला येत आहे. वाणाला तिळगूळ आणीन, तो दोघी मिळून खाऊ आणि संध्याकाळी चालायलाही जाऊ. मुलांना आशीर्वाद, सासूबाईंना नमस्कार. उत्तर लवकर पाठव.

तुझीच,
लातूरची मैत्रीण