बाय, चावी कुठे असते ते बघून ठेव

बाय,

काल तू फोन मधेच ठेवलास, त्याचा राग नाही आला गो मला, पण दिवसभर झोप लागली नाही नीट. आज परत नाईट आहे, दोनचा राऊंड मारून आलोय आणि केबिनमध्ये बसून हे टाईप करतोय. फोनवर आपण दोघं एकदम बोलायला लागतो मग तुझी आई मधे पडते आणि मुद्दा राहतो बाजूला, त्यापेक्षा लिहिलेलं बरं, तू सावकाश वाच.

रेक्टर मॅडमना फोन करायच्या आधी मी तुला विचारायला पाहिजे होतं, हे तुझं म्हणणं बरोबर आहे. तुला तिथे जाऊन दीड महिना झालाय, आता कुठे मैत्रिणी जमल्यात आणि त्यात हिचे पप्पा मुंबईवरून फोन करून कुलपाची चौकशी करतात असं सगळ्या जणी बोलायला लागल्या तर तुला कसं वाटलं असेल ते कळतं मला. त्याबद्दल सॉरी. पण फोन का केला ते ऐक.

तुला सोडायला आलो त्या दिवशी तू आणि आई वर खोलीत गादी लावत होतात, तेव्हा मी हॉस्टेलच्या भोवती एक चक्कर मारली. एकोणीस वर्षं झाली सुरक्षा रक्षक मंडळाचा गार्ड म्हणून काम करतोय, कुठल्याही बिल्डिंगमध्ये गेलो की आधी बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठे आहे ते बघतो, सवयच लागलीय. तुमच्या हॉस्टेलला पुढे एक चॅनेल गेट आहे आणि मागे जिन्याखाली एक लोखंडी दरवाजा आहे. मागच्या दरवाजाला कुलूप, आणि ते कुलूप इतकं गंजलेलं की त्याच्या चावीच्या भोकात कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं. मी हात लावून बघितलं, माती सुकून दगड झाली होती. म्हणजे किती दिवसांत उघडलं नसेल तूच विचार कर. मग वॉचमन काकांना विचारलं रात्री पुढचं गेट कसं बंद करता, तर म्हणाले नऊला बाहेरून कुलूप आणि चावी रेक्टर मॅडमकडे. मॅडमचं क्वार्टर मैदानाच्या पलीकडे. सगळ्या खिडक्यांना ग्रील. म्हणजे चाळीस मुली आत आणि चावी मैदानापलीकडे, वर पावसाळ्यात तुमच्याकडे लाईट कधी जाते आणि रेंज कधी जाते त्याचा भरवसा नाही.

तेव्हा मी काहीच बोललो नाही. तुझा पहिला दिवस होता, आईचे डोळे भरलेले होते. पण मुंबईला येताना गाडीत तेच कुलूप डोळ्यासमोर.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही, आईलाही अर्धीच सांगितलीय. तू तिसरीत होतीस तेव्हाची. आमच्या आधीच्या साईटवर रात्री तीनच्या सुमाराला मीटर रूममध्ये शॉर्टसर्किट झालं. आग मोठी नव्हती गो, धूर मोठा होता. वायर जळल्याचा धूर काळा असतो आणि दाट असतो, घशात कापूस कोंबल्यासारखं होतं, टॉर्च मारली तरी हातभर पुढचं दिसत नाही. दुसऱ्या मजल्यावर हाऊसकीपिंगच्या तीन बायका होत्या, त्या मागच्या जिन्याने खाली आल्या आणि खालच्या दाराला कुलूप. चावी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरची चावी ज्या साहेबांकडे ते घरी. मी बाहेरून दाराला लागलो तेव्हा आतून हात आपटल्याचा आवाज येत होता, आणि मग तो आवाज कमी कमी होत गेला, ते मला अजून ऐकू येतं. बाहेर पेव्हर ब्लॉकचा ढीग होता, त्यातला एक घेतला आणि कुलपावर घातला, किती वेळा घातला आठवत नाही, कोयंडा तुटला एकदाचा. तिघी वाचल्या. त्यातल्या एकीने बाहेर आल्यावर जमिनीवर बसून माझे पाय धरले आणि मला लाज वाटली, कारण राऊंडच्या वहीत रोज रात्री त्या दाराच्या पुढे 'ओके' मीच लिहीत होतो. कुलूप आहे म्हणजे ओके, असंच आम्हाला शिकवलेलं.

म्हणून मला कुलूप दिसलं की पहिला प्रश्न तोच पडतो, चावी कुठे आणि कोणाकडे.

सुरतचं तुला आठवतं का बघ, २४ मे २०१९, तक्षशिला आर्केडमध्ये वरच्या मजल्यावर क्लास चालायचा, तिथे आग लागून २२ मुलं गेली. जिना लाकडी होता तो जळला आणि खाली यायला दुसरा रस्ता नव्हता, मुलं वरून उड्या मारत होती, त्याचे व्हिडिओ तेव्हा सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होते आणि आमच्या रूमवर आम्ही सगळ्यांनी ते बघून जेवण तसंच ठेवलं. ती तुझ्याच वयाची मुलं होती. आपल्याकडे महाराष्ट्रात २००६ चा आगीचा कायदा आहे, त्याप्रमाणे बिल्डिंगच्या मालकाने दर जानेवारीला आणि जुलैला लायसन्सवाल्या एजन्सीकडून तपासणी करून बी फॉर्म घ्यायचा असतो की आग विझवायची सगळी सिस्टीम चालू आहे म्हणून. आमच्याकडे ती माणसं येतात तेव्हा मी त्यांच्याबरोबर फिरतो, म्हणून माहीत. तुमच्या पॅसेजमध्ये एक लाल सिलिंडर लटकलाय ना, त्याचा काटा हिरव्या पट्टीत आहे का आणि त्याच्या कार्डावर शेवटची तारीख कुठली आहे तेवढं जाता येता बघ. वापरायचा कसा ते पण सांगतो, पिन ओढायची, नळीचं तोंड आगीच्या बुडाशी धरायचं ज्वाळेवर नाही, दांडा दाबायचा आणि झाडू मारल्यासारखं डावीउजवीकडे फिरवायचं. आणि दार नेहमी आपल्या पाठीमागे ठेवायचं, आग आपल्या आणि दाराच्या मधे येऊ द्यायची नाही. छोटी असेल तरच, नाहीतर सरळ बाहेर पळायचं आणि धूर असेल तर वाकून, खाली हवा असते.

तर मी मॅडमना एवढंच विचारलं की मॅडम, गेटला कुलूप आतून लावा आणि एक चावी आतच खिळ्याला राहू दे, आणि मागच्या दाराला कुलपाऐवजी आतून कडी करा. त्या म्हणाल्या मग मुली रात्री मागच्या दाराने बाहेर जातील, जबाबदारी कोणाची. चांगल्या बोलल्या हो, वाईट काही बोलल्या नाहीत, त्यांच्या मानेवर पण चाळीस पोरींचं ओझं आहे. पण मला ते पटलं नाही.

इथे एक खरं सांगतो. ॲडमिशनच्या दिवशी बोर्डावर वाचलं की मुलींनी संध्याकाळी सातच्या आत हॉस्टेलवर यायचं, तेव्हा मला बरं वाटलं होतं. बाप म्हणून बरं वाटलं. नंतर तूच बोललीस की मुलांच्या हॉस्टेलला दहा आहे आणि लायब्ररी आठपर्यंत उघडी असते मग आम्ही वाचायचं कधी, तेव्हा मी तुला गप्प केलं. ते चुकलं माझं. यूजीसीचा २०१५ चा एक नियम आहे, लैंगिक छळाच्या तक्रारींबद्दलचा, तो मी नाईटला बसून वाचून काढला, इंग्लिशमध्ये होता तर शेजारच्या रूममधल्या पोराला अर्थ विचारला. त्यात स्पष्ट लिहिलंय की सुरक्षेचं कारण देऊन मुलींच्या हॉस्टेलला मुलांपेक्षा वेगळे जाचक नियम लावायचे नाहीत आणि सुरक्षेच्या नावाखाली त्यांच्या येण्याजाण्यावर पहारा बसवायचा नाही. मी ते दोनदा वाचून घेतलं त्याच्याकडून. आमच्या धंद्यात पण हेच आहे बघ, लोकांना कोंडून ठेवलं की गार्डचं काम सोपं होतं, पण त्यात आतली माणसं सुरक्षित आहेत का ते कोणी बघत नाही.

आता जे सांगणार आहे ते गार्ड म्हणून सांगायला जड जातं. २०२३ च्या जूनमध्ये इथे चर्नी रोडला सरकारी मुलींच्या हॉस्टेलमध्ये अकोल्याच्या एका पोरीचा खून झाला, चौथ्या मजल्यावर, खोलीला बाहेरून कुलूप, आणि पोलिसांचा संशय तिथल्याच वॉचमनवर गेला, तो त्याच दिवशी रेल्वे रुळावर मेलेला सापडला. त्या आठवड्यात युनिफॉर्म घालून लोकलमध्ये उभं राहायला मला नको वाटायचं. म्हणून सांगतो बाय, युनिफॉर्म बघून विश्वास ठेवू नकोस, माझ्यासारखा दिसला तरी ठेवू नकोस. कोणी गार्ड, मेसवाला, शिपाई, सर, कोणीही उगाच खोलीपर्यंत येत असेल, नंबर मागत असेल, एकटीला थांबवत असेल तर दुसऱ्याच दिवशी सांगायचं, लेखी द्यायचं. आणि ज्या मजल्यावर बाकीच्या मुली घरी गेल्यात तिथे एकटी झोपायचं नाही, सरळ खाली कोणाच्या तरी खोलीत गादी टाकायची.

पण तुमच्या वॉचमन काकांशी मात्र नीट बोलत जा. ते साठीच्या पुढचे आहेत, बारा तासांची ड्युटी, रिलिव्हर नाही, मी विचारलं तर म्हणाले जेवायला जातो तेव्हा गेटवर कोणी नसतं. केबिनला पंखा नव्हता. असा माणूस पहाटे चारला जागा राहील अशी अपेक्षा कोणी धरू नये, ती चूक त्यांची नाही. रजिस्टरमध्ये नाव लिहिताना जिथे जातेस तेच खरं लिही. मैत्रिणी खोटं लिहितात मला माहीत आहे, पण काही झालं तर शोधायला पहिलं तेच रजिस्टर उघडतात.

रॅगिंगचं ॲफिडेव्हिट तू आणि मी दोघांनी ऑनलाइन भरलं होतं, आठवतंय ना, ती नुसती फॉर्मॅलिटी समजू नकोस. आपल्या राज्याचा १९९९ चा कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत जेल, दहा हजारापर्यंत दंड, आणि गुन्हा शाबित झाला तर पाच वर्षं दुसऱ्या कुठल्याही कॉलेजात ॲडमिशन नाही. तक्रार आल्यावर प्रिन्सिपलनी सात दिवसांत चौकशी करायची असते, नाही केली तर तेही दोषी धरले जातात. कॉलेजात सांगायची भीती वाटली तर १८००-१८०-५५२२ वर फोन कर, चोवीस तास चालू असतो, फुकट. तशीच छळाच्या तक्रारीसाठी कॉलेजात अंतर्गत समिती असते, अध्यक्ष बाईच पाहिजे, कॉलेजबाहेरची एक व्यक्ती पाहिजे आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर विद्यार्थी प्रतिनिधी पण पाहिजेत. तीन महिन्यांच्या आत तक्रार द्यायची असते. पण तू तीन महिने थांबू नकोस कारण कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग तेवढं टिकत नाही, आमच्या साईटवर पंधरा दिवसांनी जुन्यावर नवीन चढतं, मग कोणी कितीही बोंबललं तरी दाखवायला काही नसतं. पोलीस लागले तर ११२, आणि कुठल्याही पोलीस स्टेशनला एफआयआर घ्यावीच लागते, हद्द आमची नाही हे ऐकायचं नाही.

आणि एक, लायब्ररीकडून हॉस्टेलकडे येणारी ती पाखाडी, चिऱ्यांची पायवाट. दिवा आहे पण बल्ब नाही, मी बघितलं. दोन्ही बाजूला गवत गुडघाभर, चिऱ्यांच्या भेगा, आणि आपल्या रत्नागिरीत फुरशाला, त्या विषारी सापाला, तीच जागा लागते. मुली चपला घालून अंधारात मोबाईलच्या उजेडात येतात. सगळे कॅमेऱ्यांचं बोलतात पण त्या एका बल्बने जास्त जीव वाचतील. चावलंच काही तर बांधाबांध नको, ब्लेड नको, देवस्की नको, पाय हलवायचा नाही आणि १०८ बोलावून सरळ सरकारी दवाखाना, इंजेक्शन तिथे असतं. तुझ्या आजोबांच्या वेळी मांत्रिकाकडे दोन तास गेले होते, तुला माहीत आहे.

मी प्रिन्सिपल सरांना अर्ज लिहिलाय, मागचं दार, आतली चावी, बल्ब आणि काकांना रिलिव्हर, एवढ्या चारच गोष्टी. पाठवलेला नाही अजून. तू वाच, फोटो खाली टाकतोय. तू नको म्हणालीस तर पाठवणार नाही. पण तुम्ही मुलींनीच सह्या करून दिलात तर माझ्या नावापेक्षा त्याला जास्त वजन येईल असं मला वाटतं. त्या लांज्याच्या मुलीला विचार, ती धीट वाटली मला.

एसटीने पार्सल पाठवलंय, चार्जिंगची मोठी टॉर्च आहे, शिट्टी आहे आणि आईसाठी घेतलेली ती छत्री पण तूच वापर, तिला गणपतीला येताना दुसरी आणतो. सुट्टी मंजूर झालीय, रिझर्व्हेशन नाही पण येणार.

आता एक काम कर. आज उठल्यावर आंघोळीला जायच्या आधी खाली जा आणि जिन्याखालचं कुलूप बघ, माती अजून तशीच आहे की काढलीय. मला मेसेज कर, मी सातपर्यंत ड्युटीवर आहे.

पप्पा